आबांचं कोरियातलं जेवण

लग्न होऊन मी नंदुरबारला आले आणि त्याच दिवसापासून आबांनी माझ्या हातचं खाणं सोडलं. भांडण नव्हतं, राग नव्हता. आमच्याकडची रीतच तशी. लेक दिली की तिच्या घरचं अन्न बापाला वर्ज्य, पाणीसुद्धा. नातवंड झालं की बंधन सुटतं. मला लग्नाला तीन वर्षं होऊनही मूल नव्हतं, त्यामुळे बंधन सुटायची चिन्हं नव्हती. शेजारच्या काकू तर आबा आलेले दिसले की मुद्दाम विचारायच्या, "काय वं, आबांनी आज तरी पानी घेतलं का?" त्यांना नेमकं काय विचारायचं असे, ते मला कळायचं. अशा वेळी त्यांच्या पापडांच्या पिठात मूठभर मीठ टाकून यावं असं वाटायचं.

एरवी मी ही रीत हसून सोडून दिली असती. पण आई गेली तेव्हा मी लहान होते आणि तेव्हापासून लग्न होईपर्यंत आबा माझ्याच हातचं जेवले होते. माझ्या वाकड्या भाकरी खाल्ल्या, करपलेली वांगी खाल्ली, खारट वरण खाल्लं. आणि मला नीट रांधता यायला लागलं तेव्हा आबांनी तोंड फिरवलं! याचं मला भारी वाईट वाटायचं. आबांनी एकदा, फक्त एकदा, मी रांधलेलं माझ्यासमोर बसून खावं, एवढंच मला हवं होतं.

आबांची शेती तापीकाठी. कापूस आणि मिरची. मिरची विकायला ते हंगामात नंदुरबारला यायचे आणि काम झालं की माझ्याकडे. घरात पाऊल नाही. ओट्यावर बसायचे. सोबत फडक्यात बांधलेली भाकरी, कांदा आणि स्वतःचा पाण्याचा लोटा. माझ्या दारात बसून, माझ्यामागून त्या घरात आलेल्या वहिनीच्या हातची थंडगार भाकरी चावत मला विचारायचे, "बरी शे ना?" आत चुलीवर माझी भाजी रटरटत असायची. मी मुद्दाम फोडणी जोरात द्यायची, वास ओट्यावर जावा म्हणून. आबा नाकाने वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि कांदा फोडायचे.

मी काय काय करून पाहिलं. एकदा म्हटलं, "आबा, हे पाणी नाही, सरबत शे." आबा म्हणाले, "मंग लिंबू दे, पानी तू ठेव." एकदा शेजारणीच्या हाती चहा पाठवला. त्यांनी कप हातात घेतला, पाहिला आणि म्हणाले, "हाई कपबशी मीच आंदन दिन्ही व्हती." हुशार माणसाशी गाठ होती.

मात्र बाजारात हेच आबा हॉटेलात बसून भजी खायचे. मी एकदा धरलंच. म्हटलं, सगळं नंदुरबार माझं सासर, मग भजी कशी चालतात? आबा शांतपणे म्हणाले, "हाटेल कोन्हंच घर नही ऱ्हास." ते सहज बोलून गेले, पण मी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

त्याच सुमाराला गावात एक नवं हॉटेल निघालं होतं. मालक आमच्याच भागातला, फौजेत आचारी होता म्हणे. कोरियातली लढाई थांबल्यावर आपली फौज तिकडे गेली, त्यात हाही गेला. परत आला तो डोक्यात कोरिया घेऊनच. स्टेशनच्या रस्त्यावर जागा घेतली, फरशी घातली, पंखे लावले, आरसे लावले, टेबलांवर पांढरी चादर. हात धुवायला नळ आणि पुसायला इस्त्रीचा टॉवेल. चहा बशीत ओतून प्यायला तिथे लोक लाजायचे, एवढं ते भारी हॉटेल. गावातले कापसाच्या जिनिंगचे शेठ आणि आले-गेले साहेब तिथे जायचे. पण खरी गंमत टेबलाच्या मधोमध होती. तिथे गोल भोक पाडून त्यात कोळशाची सिगडी बसवलेली आणि सिगडीवर जाळी. मसाला लावलेले मटणाचे पातळ काप कच्चेच आणून द्यायचे. ते आपणच जाळीवर भाजायचे आणि खायचे. गावात मालकाला सगळे कोरियावालाच म्हणत.

आमचे हे जिनात कारकून. त्यांच्या शेठनी एकदा तिथे जेवून येऊन वर्णन केलं, ते यांनी मला सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हॉटेल कोणाचंच घर नाही. आणि तिथे रांधायचं मात्र आपण! म्हणजे मी भाजायचं, आबांनी खायचं. पाप कोणाच्या माथी? कोणाच्याच नाही.

यांना तयार करायला मला आठ दिवस तोंड पाडून बसावं लागलं. बायकोला घेऊन हॉटेलात जायचं म्हणजे तेव्हा मोठंच धाडस. "लोक काय म्हनतीन?" असं हे म्हणत राहिले. मी म्हटलं, लोकांना म्हणू दे, तुम्ही सासऱ्याला जेवू घातलं असं म्हणतील. हे वाक्य यांना आवडलं.

आबांना आणणं सोपं गेलं. कोरियावाल्याची कीर्ती तापीकाठापर्यंत पोचली होती आणि आबांना नवलाईची भूक फार. "बोकड्याचंच शे ना?" एवढं विचारून त्यांनी नवं धोतर नेसलं.

कोरियावाल्याने आम्हाला कुटुंबांसाठीच्या खोलीत बसवलं. खोली कसली, तीन बाजूंना लाकडी आडोसे आणि पुढे फुलाफुलांचा पडदा. सिगडी पेटलेली होतीच. आबांनी खुर्चीवर आधी मांडी घातली, मग आमच्या यांचे पाय खाली बघून आपलेही सोडले. कोरियावाल्याने एका ताटात गूळ, लसूण, तिळाचं तेल लावलेले मटणाचे काप आणले. वाटीत आंबवलेली कोबी, मिरचीने लालभडक. आणि भाजलेला तुकडा गुंडाळून खायला कोबीचीच पानं.

आबांनी ताटाकडे पाहिलं. "हाई तं कच्चंच आनी दिन्हं ना भो! पैसा बी आपला, आनि रांधानं बी आपलेच?"

"कोरियामा असंच ऱ्हास, पाटील," कोरियावाला म्हणाला आणि चिमटा ठेवून गेला.

मी याच क्षणाची वाट पाहत होते. मी चिमट्याला हात घातला. आबांनी माझं मनगटच धरलं.

"तू नको. तू रांधं तं ते तुन्हं अन्न व्हई गयं."

माझा सगळा डाव एका वाक्यात पाण्यात. मला असा राग आला! म्हटलं, हॉटेल कोणाचं घर नाही असं तुम्हीच म्हणाला होता ना? आबा म्हणाले, "घर नही. पन हात तं तुन्हाच शे." आता याला काय म्हणावं? वकील व्हायचा माणूस मिरच्या पिकवत बसला होता.

मग आबांनीच चिमटा घेतला. पण सासरा रांधतो आणि जावई बसून बघतो, हे आमच्यात चालेल होय? हे ताडकन उभे राहिले. "मी भुंजस, तुम्ही बठा."

"जवाईले धूरमा उभं करू का मी? तुम्ही बठा."

"तुम्ही उभे अन मी कसा बठू?"

"जवाई उभा अन मी बठू?"

दोघेही उभे. चिमटा यांच्या हातात गेला की आबा ओढायचे, आबांच्या हातात गेला की हे. तेवढ्यात जाळीवर कसेबसे पडलेले चार तुकडे आधी तडतडले, मग काळे पडले, मग पेटले. खोलीत धूरच धूर. शेजारच्या आडोशामागे कोणीतरी ठसकलं, मग आणखी कोणीतरी. मी पदराने वारा घालत होते आणि मनात म्हणत होते, आता दोघांनाच भाजावं त्यापेक्षा.

पडदा सारून कोरियावाला आत आला. त्याने जळलेले तुकडे पाहिले, दोन उभे पुरुष पाहिले, माझं तोंड पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच धुराचं नव्हतं. फौजेतला माणूस, त्याला आमची रीतही ठाऊक होती. काय झालं असेल ते त्याने ताडलं असावं. त्याने एकदम फौजी आवाज काढला.

"बठा दोन्हीजन! कोरियामा वडील मानूस चिमटाले हात नही लावत. टेबलवर जो सर्वास्मा धाकला, त्यानीच भुंजानं. नही तं जेवननी बेइज्जती व्हस."

सगळ्यात धाकटी मी. आबांनी हे ऐकलं, पण ते इतक्यात हार मानणारे नव्हते. "व्हत व्हई कोरियामा. हाई काय कोरिया शे?"

कोरियावाल्याने पडदा नीट ओढला, अगदी कडेपर्यंत. फट राहू दिली नाही.

"पडदाना बाहेर नंदुरबार," तो म्हणाला. "मझार कोरिया."

आबांनी पडदा वरपासून खालपर्यंत निरखून पाहिला. मिरचीच्या व्यापाऱ्याचा तराजू ते असाच तपासायचे. मग खाली बसले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "मंग ठीक शे. कोरियामा मी अंडेर देल नही."

लेक कोरियात दिलेलीच नाही, मग कसलं पाप! मला हसू आवरेना. हे मात्र गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते, जसं काही कचेरीत निकाल लागला.

मी चिमटा घेतला. तुकडे पसरले, उलटले, पुन्हा उलटले. पहिला तुकडा पानात गुंडाळून आबांच्या ताटात ठेवला. त्यांनी तो उचलला, तोंडात टाकला, चावला. मी त्यांच्या गालफडाकडे बघत बसले. त्यांनी घास गिळला आणि ताट पुढे सरकवलं.

मग मी वाढत गेले आणि ते खात गेले. लाल कोबी खाऊन त्यांच्या कपाळाला घाम आला, तर म्हणाले, "मिरची आपलाकडनीच दिखस," आणि अभिमानाने आणखी घेतली. आमच्या यांना दोनच तुकडे मिळाले असतील. जावयाचा मान त्या दिवशी मी साफ गुंडाळून ठेवला. शेवटी आबांनी माझ्या हातून ग्लासभर पाणी घेतलं आणि गटागटा प्यायले. तीन वर्षांनी.

जाताना कोरियावाल्याला मी हळूच विचारलं, धाकट्याने भाजायचं ही तिकडची रीत खरीच का? तो म्हणाला, "काय मालूम ताई, मी तं तठे भांडा घासे. टेबलवर माले कोन बठाडे?"

पडद्याबाहेर पडलो आणि आबा पुन्हा पहिल्यासारखे. माझ्या दाराशी आले, ओट्यावर बसले, मी पाणी आणलं तर हात आडवा केला. "आते नंदुरबार शे ना, पोरी." मी तांब्या आपटला. आपटायलाच हवा होता. एवढं खाऊन-पिऊन, ढेकर देऊन वर ही मिजास! त्या रात्री यांना माझा सगळा राग ऐकावा लागला. सासऱ्याने खाल्लं आणि जावयाने ऐकलं.

पुढचा फेरा महिनाभराने झाला. मी घरात भाकरी थापत होते. वांग्याचं भरीत झालं होतं. ओट्यावर आबांची चाहूल लागली, पण मी बाहेर गेले नाही. म्हटलं, बसू दे चावत आपली थंड भाकरी. आज फोडणीही जोरात देणार नाही.

काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग जोडे काढल्याचा. आबा जोडे फक्त घरात जाताना काढत, ओट्यावर नाही. मी वळून पाहिलं तर आबा उंबऱ्यात उभे. रिकाम्या हातांनी. ना फडकं, ना लोटा. आत आले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दाराच्या वरच्या खिळ्यांना त्याची दोन टोकं अडकवली. उपरणं दारापुढे खाली सोडलं, दोन्ही कडा नीट ओढल्या. मग चुलीसमोर येऊन पाट ओढला आणि बसले.

"भूक लागनी," एवढंच म्हणाले.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि आबांनीही पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मी ताट वाढलं. ऊन भाकरी, भरीत, कांदा, आणि त्यांच्याच शेतातल्या मिरचीचा ठेचा. ते खाली मान घालून जेवायला लागले.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. ओट्यावर आबांची काठी आणि जोडे दिसले असणार. दाराला लटकलेलं उपरणं पाहून त्या तिथेच थबकल्या आणि बाहेरूनच मला हाक मारली.

"काय वं, तुन्हा आबा कोठे गयात?"

आबांचा घास हातातच थांबला. मी तव्यावर दुसरी भाकरी टाकली आणि बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "कोरियाले. जेईसन येतीन."