लव्ही-डव्ही म्हणाल्या आम्हाला

वरणभात कालवून मी बायकोला भरवत होतो. पार्किंगमध्ये, खांबाआड. लकव्यानं तिचा उजवा हात गेलेला, डाव्यानं सांडायचं. आमच्यात बाई चारचौघांत नवऱ्याच्या हातून खात नाही. लग्नात एक घास झाला, तेवढाच. म्हणून खांबाआड.

तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम मैत्रिणीबरोबर गाडी काढायला आल्या. मोबाइल आमच्यावर धरला. "कित्ते लव्ही-डव्ही हैं ना ये दोनों." दोघी हसल्या.

हिनं तोंड मिटलं. "अहो, बास."

"अगं, राहिलाय भात."

मान फिरवली. त्याच दुपारी गेली. अर्धपोटी गेली.

विजय नगरच्या या बिल्डिंगचा मी चौकीदार. जिन्याखाली खोली, पण दिवसा गेट सोडून तिथं बसता येत नाही. त्याआधी सारा जन्म सांवेर रोडला कारखान्यात हमाली. इंग्रजी कुठून येणार?

तेरावं झालं आणि मॅडम खोलीच्या दारात. "काका, आपका वीडियो बहुत चला. अब आंटी की फोटो को एक कौर खिलाओ ना. छोटा-सा बना लेते हैं."

मी दार लावून घेतलं. मग पहिल्या मजल्यावरच्या मराठी सरांकडे गेलो, शब्द विचारला.

"लव म्हणजे प्रेम. डव म्हणजे पारव्यासारखा पक्षी. जोडीनं चोचीत चोच घालून बसतात ना, त्यावरून यमक जुळवलं असणार. लोकांसमोर लाडीगोडी करणाऱ्यांना म्हणतात."

"शिवी आहे का?"

"नाही हो. कौतुकानं म्हणतात. जरा थट्टेनं."

"लकवा झालेल्या बाईला?"

मी जिना उतरून खोलीवर आलो.

लाडीगोडी. उपाशी राहू नये म्हणून भरवत होतो मी. तिला शब्द कळला नव्हता. हसणं कळलं होतं. तेवढ्यानं तिचं जेवण तुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमची गाडी आली. मी गेटला कुलूप घातलं. हॉर्न वाजला. मागे गाड्यांची रांग. "क्या भिया, खोलो यार," कुणीतरी ओरडलं.

मी मॅडमच्या काचेशी गेलो. "आधी तो व्हिडिओ मिटवा. माझ्यासमोर."

"काका, वो तो सबके पास पहुँच गया."

ठाऊक आहे. तो आता मिटत नाही. नोकरी जाईल, खोली जाईल, तेही ठाऊक आहे.

"तुमच्या मोबाइलातला मिटवा," म्हटलं. आणि खुर्ची गेटसमोर मधोमध टाकून बसलो.