पंपरूमच्या दारावरचा मासा

माझं काम काय ते सांगितलं की माणसं आधी जरा मागे सरकतात, आणि मी रसायनांना हातसुद्धा लावत नाही हे कळलं की हिरमुसतात. अंधेरीच्या एका ऑफिसात बसून मी रसायनांचे धोके ठरवते, तेही कागदावर. कारखान्यांकडून चाचण्यांचे अहवाल येतात. ते वाचून, अमुक द्रव्य माणसाचं काय काय वाकडं करू शकतं याची वर्गवारी मी लावते. पिंपांवर लाल कडेच्या तिरक्या चौकोनात कवटी, ज्वाळा अशी जी चित्रं असतात, त्यातलं कुठलं कुणाला चिकटवायचं हे माझ्यासारखी माणसं ठरवतात.

आधी भौतिक धोके बघायचे, म्हणजे थोडक्यात स्वभाव. फुटतं का? पेटतं का? आपलं आपण तापतं का? पाण्यात पडलं की वायू सोडतं का? मुलगी बघायला आलेली मंडळी याहून फार वेगळं काही विचारत नाहीत. मग आरोग्याचे धोके. गिळलं तर काय, कातडीला लागलं तर काय, हुंगलं तर काय, डोळ्यांत गेलं तर काय. प्रत्येक रकान्यात वर्ग द्यायचा, आणि त्यात पहिला वर्ग म्हणजे सगळ्यात वाईट.

हे माझ्या आईला आजतागायत पटलेलं नाही. "पयलो नंबर म्हणजे वायट? ह्यां खंयच्या शाळेत शिकवतत?" आई मूळची मालवणकडची. आयुष्य मुलुंडमध्ये गेलं, पण चिडली की ती मालवणीत जाते, आणि चिडलेली ती बहुतेक वेळ असते. मी तिच्याच वळणावर गेले आहे असं सगळे म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि कुणी म्हटलं की मी चिडते.

कामाची ही सवय घरात शिरते, त्याला इलाज नाही. लिफ्टमध्ये कुणी अत्तर मारून आलं की मी मनातल्या मनात 'श्वसनमार्गाचा दाह' असा शेरा मारते. आईच्या ठेच्याची वर्गवारी मी कधीच करून ठेवली आहे. डोळे, पहिला वर्ग. कातडी, दुसरा वर्ग. गिळल्यास आणखी एक भाकरी लागते.

त्या पावसाळ्यात माझ्याकडे एका तणनाशकाची फाइल आली होती. द्रव्य स्वभावाने गरीब निघालं. फुटत नाही, पेटत नाही, आपणहून तापत नाही. कातडीच्या रकान्यातही फार आरडाओरडा नव्हता. पण डोळ्यांच्या रकान्यात थेट पहिला वर्ग होता, म्हणजे गंभीर आणि कायमची इजा. शिवाय पाण्यातल्या जीवांना ते विषारी. त्यामुळे त्याच्या कपाळी दोन चित्रं आली. एकात नळीतून थेंब हातावर पडतात आणि हात झिजतो. दुसऱ्यात एक वाळकं झाड आणि शेजारी पोट वर करून मेलेला मासा.

नेमकं तेव्हाच आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजवा डोळा नवा झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये, चोळायचा नाही, वाकायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. आईने हे सगळं मान डोलावून ऐकलं आणि घरी आल्यावर विळी घेऊन बसली. मी घरून काम करायला लागले ते तिच्यावर पहारा ठेवायला.

आता आमच्या सोसायटीत पंपरूमच्या मागे एक चिंचोळी मोकळी जागा आहे. कंपाउंडची भिंत, एक बदामाचं झाड आणि मधे पावसाळ्यात माजणारा हिरवा पसारा. सोसायटीच्या लेखी ते रान. आईच्या लेखी तो टाकळा. पाऊस सुरू झाला की ती पिशवी घेऊन तिकडे जाते, कोवळी पानं खुडून आणते, आणि कांदा, ओलं खोबरं, फणसाच्या आठळ्या घालून अशी भाजी करते की मी दोन दिवस कुणावर ओरडत नाही. स्टेशनबाहेर टाकळ्याच्या जुड्या विकायला येतात, पण ते आईला चालत नाही. "तो टाकळो न्हय, तो पालो."

त्या जागेत तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाला तरी साप दिसला. बागेचा फाटका पाइप होता तो, पण तोवर साप व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन मीटरचा झाला होता. सेक्रेटरीकाकांनी ताबडतोब तणनाशकाचा कॅन मागवला आणि रविवारी सकाळी फवारणी ठरवली. काका भला माणूस, फक्त त्यांना सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. कॅनवरचं नाव वाचलं तर माझ्या फाइलमधलंच द्रव्य.

"तू यातलीच ना गं? सेफ आहे ना?" काकांनी विचारलं.

मी त्यांना धोका आणि जोखीम यांतला फरक समजावायला लागले. किती, कसं, कशावर, हातमोजे आहेत का, चष्मा आहे का. काकांनी दोन मिनिटं ऐकलं.

"अगं, पण हो की नाही?"

आमच्या धंद्यात हो की नाही असं नसतं, हे मी सांगितलं. ते म्हणाले, मग तुमच्या धंद्यात असतं तरी काय? मी चिडून म्हटलं, लेबल असतं. मी करून देते.

आणि मी ते झोकात केलं. माझ्या डोळ्यांसमोर आईचा डोळा होता. फवारलेल्या पानांना हात लावायचा आणि तोच हात सवयीने डोळ्याकडे न्यायचा, आई दिवसातून शंभरदा हेच करते. म्हणून एकही गोष्ट सुटायला नको. दोन्ही चित्रं मोठ्ठी, शेजारी शेजारी. खाली धोक्याची वाक्यं, खबरदारीची वाक्यं, प्रथमोपचाराची वाक्यं, सगळी नियमानुसार. इतकी वाक्यं एका पानावर बसवायची म्हणजे अक्षर मुंगीएवढं झालं. लॅमिनेट करून शनिवारी सकाळी पंपरूमच्या दारावर लावलं आणि समाधानाने चहा प्यायले.

दुपारपर्यंत सोसायटीत बोंब झाली होती.

मुंगीएवढं अक्षर कुणी वाचलं नव्हतं. लोकांनी चित्रं वाचली. पहिल्यात हातावर पाणी पडतंय. दुसऱ्यात झाडाजवळ मासा. आणि दारासमोर बदामाचं झाड. अर्थ अगदी उघड होता. हात धुवून या, झाडाखाली मासे मिळतील.

पहिले आले तळमजल्यावरचे काका, पातेलं घेऊन. "कोण बसणार आहे? कोळीण आपल्या ओळखीचीच ना? पापलेट मला आधी सांग हां." मी समजावलं तर ते चित्राकडे पुन्हा बघून म्हणाले, "मासा उताणा दाखवलाय म्हणा. ताजा वाटत नाही. पण घरबसल्या मिळतोय तर चालेल."

त्यांच्या पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या बेन. त्या कमिटीच्या खजिनदार, कांदासुद्धा न खाणाऱ्या. "आपल्या बिल्डिंगमध्ये हे नाय चालणार हां. सकाळी देवदर्शनाला निघाले तर पहिलं दर्शन मेलेल्या माछलीचं?" मी म्हटलं, बेन, तो मासा विकायचा नाही, तो विषाने मेलाय. त्या आणखीच हळहळल्या. "बिचारा. मग तर त्याचा फोटो लावायचाच नाय!"

संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची मीटिंग. फवारणीवर एक शब्द नाही, सगळी चर्चा माशावर. एक बाजू म्हणाली, सोसायटीत मासे विकायला बंदी हवी. दुसरी बाजू म्हणाली, इतकी वर्षं राहतोय, मासे का नकोत? मी मधेच उभी राहून ओरडले की हे चित्र जगभर चालतं, जगभर हाच मासा मरतो. सेक्रेटरीकाकांनी मला शांत केलं आणि तोडगा सुचवला. "तू असं कर, माशाच्या जागी वांगं लाव. अर्थ तोच, कुणाचं मन दुखायला नको."

विषारी वांगं! मी कपाळावर हात मारून घेतला. "वाट लावताय तुम्ही त्या लेबलची," म्हणाले आणि तरातरा वर निघून आले. नंतर कळलं, बेननी माशावर पांढरा कागद चिकटवला आणि दुसऱ्या बाजूच्या कुणीतरी तो जाताजाता फाडून काढला.

आईला मी त्या रात्री जेवताना नीट सांगितलं. उद्या तिथे औषध मारणार आहेत. पंपरूमच्या मागे पाऊल टाकायचं नाही. तो टाकळा आता संपला असं समज.

"विषारी हा काय नाय, तां सांग."

"तुझ्या डोळ्याला आहे."

"बरां," आई म्हणाली. आई 'बरां' म्हणाली की मी सावध व्हायला हवं होतं, पण माझं डोकं त्या वांग्यात अडकलं होतं.

सकाळी उठले तर आईचं अंथरूण रिकामं, दार नुसतं लोटलेलं, आणि खुंटीवरची कापडी पिशवी गायब. मी गाऊनवरच जिने उतरले. पंपरूमच्या कट्ट्यावर कॅन ठेवलेला, बाजूला फवारणीचा पंप. आणि मागे आई. काळा चष्मा लावून, डॉक्टरांनी नको म्हटलेलं तेच वाकून, टाकळा खुडत होती. पिशवी भरत आली होती. पानं ओलीचिंब होती.

आणि तिचा हात वर निघाला. चष्म्याखाली, डोळ्याकडे.

मी किंचाळले. इतकी वर्षं मी 'गंभीर इजा' असं लिहीत आले, पण ते कुणाला तरी खरंच होतं हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. धावत जाऊन मी तिचे दोन्ही हात पकडले आणि तिला ओढत कंपाउंडच्या नळाशी नेलं. नळ सोडला. आणि तिथेच माझी बुद्धी संपली. माझं लेबल सांगत होतं, डोळे भरपूर पाण्याने धुवा. डॉक्टर सांगत होते, डोळ्यात थेंब जाता कामा नये. दोन्ही वाक्यं मला तोंडपाठ होती आणि दोन्ही एकाच डोळ्याबद्दल होती.

"डोळ्याला लागला का हात? खरं सांग!"

"खंय लागलो? तू ओढलंस नाय माका?"

मग मी फक्त हात धुवायला लागले. आपली धुतेच आहे, धुतेच आहे. वरच्या खिडक्या पटापट उघडल्या.

"गो, डोळो खाजता माझो."

"खाजू दे!"

"सोड मेले, आवशीचे हात धरतंस?"

"नाही सोडणार! मर, पण डोळा चोळू नको!" असं मी म्हणाले. अख्ख्या सोसायटीने ऐकलं.

बेन धावत खाली आल्या, त्यांच्या हातात धुतलेला रुमाल. "माझे हात साफ आहेत, मी खाजवते." आणि कांदासुद्धा न खाणाऱ्या बेन माझ्या आईची भुवई हलकेच खाजवायला लागल्या. आई सूचना देत होती. "जरा वर. न्हय, नाकाच्या बाजूक. हां. आता बरां वाटता." काळा चष्मा सरकून तिच्या नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण तो सावरायला कुणाचाच हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात वॉचमन आला आणि इतक्या गर्दीला बघून दचकला. औषध मारलंच नव्हतं म्हणे. रात्री सर पडली होती, पानं त्यामुळे ओली. फवारणीवाला पहाटे येऊन सामान ठेवून गेला होता. "वो बोर्ड देखा ना, बोला इधर तो मच्छी बिकता है, दवाई मारेगा तो लोग मेरे को मारेगा."

खिडक्यांतून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मला हसू येईना. माझे हात अजून आईच्या मनगटांवर घट्ट होते आणि ते सुटत नव्हते.

सेक्रेटरीकाका पायजम्यातच खाली आले. त्यांनी कॅनकडे बघितलं, पिशवीतल्या पाल्याकडे बघितलं, आईच्या ओल्या हातांकडे बघितलं. मग कॅन उचलून वॉचमनला म्हणाले, "हे दुकानात परत दे. कोयत्याने कापून घेऊ."

"कापा," आई म्हणाली, "पण भिंतीकडलो टाकळो ऱ्हवांदे. तुमकाव भाजी धाडतंय."

"बिना कांद्याची होते?" बेननी विचारलं.

"होता. चव लागणा नाय, पण होता."

हळूहळू सगळे पांगले. आम्ही दोघी नळाशी तशाच. चष्मा शेवटी आईच्या नाकावरून घसरला आणि खाली पडला. कोवळं ऊन तोंडावर आलं होतं. आईने डोळे किलकिले केले, मग उघडले, आणि इतक्या जवळून, त्या नव्या डोळ्याने, माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मला वाटलं, आता ओरडणार.

"केस कधी पिकले गो तुझे?" ती म्हणाली.

ते पिकून बरीच वर्षं झाली होती. मी रोज सकाळी तिच्यासमोर बसून विंचरत होते. तिने एक हात माझ्या मुठीतून सोडवला आणि तसाच ओला माझ्या डोक्यावरून फिरवला, पुढून मागे, सगळे पांढरे मोजल्यासारखा. मला तिथेच रडू फुटलं, आणि आई म्हणाली, आधी नळ बंद कर.