बर्फाखालचं उत्तर

नार्वा नदीच्या अलीकडे जर्मन सौदागर, पलीकडे रशियन, आणि थंडीत नदी गोठली की बरोब्बर मधोमध बाजार. पलीकडचे मेणाच्या ढेपा आणत, अलीकडचे मीठ. एकमेकांवर विश्वास तिळाएवढाही नाही, म्हणून मध्ये मेण पारखणारा पेप. ढेपेवर हातोडीचे दोन ठोके मारायचे नि कान लावायचा. आत दगड लपवला असेल तर आवाज फुटका येई.

घरीही त्याची तीच खोड. दारावर दोन ठोके. आतून त्याचा मुलगा मात्स एक ठोका देई, मग कडी काढी. गेल्या पानगळीत मात्स होडीतून पडला, तो सापडलाच नाही.

बाजाराच्या पहिल्याच दुपारी धुकं असं, की घोड्यांची नुसती डोकी तरंगत होती. पेपनं पलीकडच्या झ्दानची ढेप ठोकली. टक टक.

पायाखालून, बर्फातून, आलं : टक.

"काय रे पेपदादा," झ्दान खिदळला, "मेण तपासतोयस की सासऱ्याचं दार वाजवतोयस?"

"ऐकलंस?"

झ्दानचं हसू मिशीतच गोठलं. दोन्ही काठांवरच्या पोराटोरांना ठाऊक होतं : बुडालेल्याला माती मिळेपर्यंत नदी त्याची नक्कल करते. बर्फाखालून उत्तर आलं की हातोडी खाली ठेवायची.

"पुढे! पुढे!" गेर्लाख सौदागर पाय आपटत होता. "मेण उत्तम की मेण वाईट? एक शब्द बोला! माझे पाय मरत आहेत!"

टक. आता जरा लांबून, धबधब्याच्या बाजूनं. पेप रांगतच आवाजामागे निघाला.

"माझा मात्स आहे रे तो. आत आहे, म्हणून एकच ठोकतोय."

"दादा, थांब! पुढे बर्फ कुठला, नुसती साय आहे!"

पेपनं हातोडी उचलली. ती खाली यायच्या आत खालून आलं : टक टक.

पेपची हातोडी हवेतच थांबली. आतला मात्स कधी दोनदा ठोकत नसे. दोन ठोके बाहेरच्याचे, दार उघड म्हणणाऱ्याचे. कुणीतरी पायाखालून दार वाजवत होतं आणि त्याला पेपचा एक ठोका हवा होता.

"आणि तोच असला तर?" पेप पुटपुटला.

"तर बर्फ वितळल्यावर येईल. बापाला खाली बोलावणार नाही तो." झ्दाननं पालथं पडून होडीची आकडी पुढे केली.

पेपनं हातोडी खाली ठेवली आणि आकडी धरली. मागे बर्फ लवला. हातोडी गेली, डुबुक्कसुद्धा झालं नाही.

बर्फ फुटल्यानंतर एका सकाळी दारावर दोन ठोके पडले. पेपच्या बायकोच्या, एल्ट्सच्या, हातातला डाव तसाच राहिला.

"नको हो. देऊ नका उत्तर."

पेप दाराशी गेला. मग त्यानं बोटाच्या पेरानं एकदाच ठोकलं आणि कडी काढली.

टोपी काढून झ्दान उभा होता. मागे गाडीत तागाच्या कापडाखाली लांबट काहीतरी.

"आमच्या काठाला लागला, दादा. मेणबत्त्याही आणल्यात. मेण चोख आहे. ठोकून बघ हवं तर."

पेपनं ठोकून पाहिलं नाही.