दालच की दालचा

माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ यायला लागली तेव्हा मला काळजी वाटली, पण त्याच्याआधी राग आला तो माझ्या मोठ्या जावेचा. खोटं कशाला बोलू.

तिला मी अक्का म्हणायची. सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली, त्यामुळे माझ्या नवऱ्याला, म्हणजे तिच्या धाकट्या दिराला, तिनंच भरवून मोठं केलेलं. पुढं आमची चूल वेगळी झाली, पण मधली भिंत कमरेएवढीच होती, आणि औरादच्या बाजारादिवशी त्या भिंतीवरून मटणाची वाटी यायचीच. नवरा माझी भाकरी त्या वाटीत कुस्करायचा आणि बोटं चाटायचा. माझं वरण तिथंच निवत पडायचं. माझं माहेर मेंढरं पाळणाऱ्यांचं. लोकांना वाटतं, अशा घरात रोज मटण शिजत असेल. आम्ही मेंढरं विकायचो आणि तुरीची डाळ, हुलगे खायचो. त्यामुळे मटणाला माझा हात कधी बसला नाही. अक्काचा हात मात्र गावात नावाजलेला. तिच्या फोडणीचा वास आला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

पहिली कळ आली ती मोट हाकताना. मग साधी चढण चढतानाही येऊ लागली. निजामाच्या राज्यात आमच्या भागात डॉक्टर कुठला, पण बिदरला एक म्हातारे हकीम होते. त्यांच्याकडं न्यायचं ठरलं तेव्हा दोघा भावांबरोबर अक्का निघाली, कारण तिचं माहेर बिदर शहरातलं, तिला हकिमांची दखनी बोली यायची. माझ्या मांडीवर तान्ही मुलगी होती. नवऱ्याची नाडी दाखवायला भावजय जाते आणि बायको दारात उभी राहते, हे मला काही केल्या गिळवलं नाही.

परत आले ते आनंदात. अक्कानं सांगितलं, हकीमसाहेब म्हणाले, चरबी बंद करा आणि दालचा खिलवा. दालचा म्हणजे मटणात हरभऱ्याची डाळ शिजवून वर चिंच पिळलेलं कालवण. आमच्या गल्लीत ते तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हतं. म्हणजे आता औषधसुद्धा तिच्याच हातचं.

छाती दुखणाऱ्याला मटण कसं चालेल, असं मी विचारलं. थोरले दीर हसले. नवरा म्हणाला, "तुला वैनीचं काहीच बघवत न्हाई बग." ते खरंच होतं, म्हणून माझ्या शंकेला कुणी किंमत दिली नाही.

अक्का मन लावून करायची, हे कबूल केलं पाहिजे. बोटीबोटीवरची चरबी विळीवर खरडून काढायची. दोन महिने तो रोज दालचा जेवला, आणि कळ कमी व्हायच्या ऐवजी बसल्या जागी यायला लागली. एकदा उंबऱ्यावर टेकला तो उठेचना, ओठ काळेनिळे पडले. तेव्हा मात्र मी मुलीला शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि नवऱ्याला बैलांच्या दमणीत घालून स्वतः बिदर गाठलं.

हकिमांना मी माझ्या मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, रोज दालचा देतोय तरी उतार का पडत नाही. म्हाताऱ्यानं मान वर केली.

"दालचा? मैं बोला था, दालच खिलाव. दालच."

नुसती डाळच. आपलाच मराठी च, त्यांच्या दखनीत जाऊन बसलेला, आणि अक्काला त्याच्यावर काना ऐकू आला होता. हकिमांनी मग सावकाश समजावलं. ताकद मटणातही आहे आणि डाळीतही. पण मटणाची ताकद एकटी येत नाही. वरची चरबी खरडली तरी आतली राहते, रक्त जड होतं, आणि दुबळ्या काळजाला ते ढकलवत नाही. डाळीनं अंगही धरतं आणि काळजावर भारही पडत नाही. आता डॉक्टर कोलेस्टेरॉल वगैरे म्हणतात. आम्हाला तेवढ्यावर भागवावं लागलं.

येताना दमणीत नवरा कण्हत होता आणि मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. घरी पोचल्या पोचल्या मी सगळ्यांदेखत अक्काला म्हणाले, तुमच्या दालच्यानंच हे दिवस आणलेत. ती चुलीवरचं पातेलं उतरवून परसात घेऊन गेली. त्या दिवसापासून भिंतीवरची वाटी बंद झाली.

मग माझं राज्य आलं. मुगाचं वरण, तुरीचं वरण, हुलग्याचं कालवण. महिन्याभरात कळ थांबली, तो चढण चढू लागला. पण जेवताना मान खाली घालून काढा घ्यावा तसा एकेक घास गिळायचा आणि निम्मी भाकरी ठेवून उठायचा. गालफडं बसली. छाती बरी होऊन माणूस उपासानं जातोय की काय, असं मला वाटायला लागलं. तरी भिंतीपलीकडं हाक मारायला माझी जीभ वळेना.

एका दुपारी अक्काच भिंतीपाशी आली. हुलगे कसे करतेस, मला सांग, म्हणाली. मी सगळं सांगितलं, फक्त हुलगे आधी भाजायचे असतात तेवढं सांगितलं नाही. न भाजलेल्या हुलग्यांना उग्र वास येतो. येऊ दे, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर वाटी होती. मी बोट बुडवून चाखलं. हुलगे खमंग भाजलेले, आणि त्यात तिचा मटणाचा काळा मसाला. मी ते गुपचूप नवऱ्याच्या ताटात वाढलं. पहिल्या घासाला तो थांबला. मग मान वर न करता दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

"वैनीनं दिले का?"

"न्हाई. मीच केले."

"मग आज जमलंय बग तुला."

लग्न झाल्यापासून माझ्या हाताचं त्यानं केलेलं हे पहिलं कौतुक. मी तिसरी भाकरी वाढली, रिकामी वाटी पदराखाली धरली आणि अक्काच्या दारात जाऊन विचारलं, हुलग्यात काय काय घातलाव. तिनं पाट पुढं सरकवला, मी बसेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आधी हुलगे भाजून घ्यायचं."