सत्तेचाळीस नंबरची नळी

आमच्या लॅबमधल्या मावशी जंतूंचा स्वयंपाक करतात. हसू नका, खरंच सांगतेय. अगार शिजवायचं, मीठ-साखर तोलून घालायची, काचेच्या ताटल्यांत ओतायचं. वीस वर्षं हेच. कुठला जंतू जोमात आहे ते त्या नुसत्या वासावरून सांगतात. वास घेऊ नका म्हणून मी कितीदा ओरडले, पण ऐकतील तर शपथ!

कपाटातल्या सत्तेचाळीस नंबरच्या नळीतला जंतू मावशींच्या नवऱ्याच्या रक्तातून काढलेला. नऊ वर्षांपूर्वी त्यानंच त्यांचा जीव घेतला. दर महिन्याला मावशी त्याला ताज्या खाद्यावर उतरवायच्या आणि पुटपुटायच्या, "अहो, जेवून घ्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्यानं नवरा खाल्ला त्याला ही बाई 'अहो' म्हणते? विचारायची माझी छाती झाली नाही.

यंदा मावशी पायाच्या ऑपरेशनमुळे आठ महिने घरी होत्या. नळीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, मीसुद्धा नाही. त्या परतल्या आणि त्याच आठवड्यात नव्या साहेबांनी फर्मान काढलं : जुने जंतू वाढवून बघा, दुपारी चारपर्यंत जो नीट वाढेल तो ठेवा, नाहीतर ऑटोक्लेव्हच्या वाफेत उकडून टाका.

सत्तेचाळीसचं खाद्य मावशींनी स्वतः बनवलं. चिमूटभर ग्लुकोज आणि भरपूर दुधातली साखर.

"हे काय भलतंच?" मी विचारलं.

"शेवटी त्यांना दूधच तेवढं जायचं," त्या म्हणाल्या.

सकाळी जंतू सोडला. दर वीस मिनिटांनी मी नळी यंत्रात ठेवून गढूळपणा मोजत होते. बारापर्यंत आकडा छान चढला. मग थांबला. बारा चाळीस, तोच. एक वाजला तरी तोच. खोली एकदम गार वाटायला लागली, आणि मी उगाच दोनदा मागं वळून पाहिलं.

साहेबांनी डोकावून कागद पाहिला. "दमला हा. टाका."

"थांबलाय," मावशी म्हणाल्या. नळीवरची नजर त्यांनी हलवली नाही. "सोपं खाणं संपलं. आता दूध पचवायची हत्यारं घडवतोय."

मी कपाळावर हात मारला. ग्लुकोज असेपर्यंत दुधातल्या साखरेची जनुकं बंद असतात, ते संपलं की उघडतात आणि तेवढा वेळ वाढ खुंटते. कॉलेजात हाच आलेख काढून मी मार्क मिळवले होते, आणि ऐन वेळी तो आठवायचं काही नाव नाही! साहेबही ओशाळले आणि खुर्ची ओढून बसले.

"त्यांचा तापही असाच एका दुपारी उतरला होता," मावशी म्हणाल्या. "सगळे म्हणाले, बरे झाले, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या. मी गेले. परत आले तर पलंग धुऊन ठेवला होता."

मी नळी पुन्हा यंत्रात ठेवली. आकडा हलला होता. वीस मिनिटांनी आणखी वर. दोनपर्यंत नळी पार गढूळ झाली, आणि मला मेलीला आनंद व्हायच्या ऐवजी भीती वाटली.

"जिवंत आहे. ठेवा कपाटात," साहेब म्हणाले.

"नको," मावशी म्हणाल्या. "तो पुन्हा कसा उठतो, तेवढं बघायचं होतं. बघितलं."

त्यांनी स्वतःच्या हातानं नळी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली आणि झाकण घट्ट आवळलं. त्यांचा पाय दुखत होता, ते मला दिसत होतं.

"मावशी, जा तुम्ही घरी. मी बघते."

त्यांनी नाही अशी मान हलवली, स्टूल ओढलं आणि ऑटोक्लेव्हच्या अगदी समोर बसल्या. आत वाफ भरू लागली, दाबाचा काटा चढू लागला. त्या पुढं वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी इथंच आहे."