मोकाशी भाऊजींची खाती

मोकाशी भाऊजी स्वतःच्या घराची बेल दुरुस्त करायचे नाहीत. बेल कुंदाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या खात्यात होती. त्यांच्याकडे बँक आणि पंखे. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेलेला. "हा विषय या टेबलाचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी दिल्लीच्या मयूर विहारात नवी असताना एकदा नळ कोरडा पडला, म्हणून बादली घेऊन त्यांच्याकडे गेले. सोसायटीचं काम ते पाहायचे. "वहिनी, पाणी शर्माजींकडे. मी लिफ्ट पाहतो." शर्माजी गावाला गेलेले. रिकामी बादली घेऊन परतले आणि आमच्या यांना म्हणाले, "काय शिस्तीचा माणूस आहे हो." घरात थेंब नाही आणि मी भारावलेली. असली बावळट सून माझ्या सासूबाईंनी पारखून आणली होती.

पुढे भाऊजींची किडनी बिघडली. किडनीच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी दिली, अंगातलं पाणी उतरायची दुसरी दिली, पथ्य सांगितलं. भाऊजींनी सगळं काटेकोर पाळलं. मग गुडघा धरला. करोल बागेत हाडांचे एक डॉक्टर होते, तिथे कुंदाबरोबर मीही गेले.

"और कोई तकलीफ?" डॉक्टरांनी विचारलं.

कुंदा बोलणार तोच भाऊजी म्हणाले, "नहीं जी, सिर्फ घुटना."

मी म्हटलं, "भाऊजी, किडनीचं सांगा."

"वहिनी, यांचा विषय नाही तो." आणि डॉक्टरांना हसून, "पड़ोसी हैं, चिंता करती हैं."

तो डॉक्टरही थोर. गुडघ्यावरून नजर वर न करता त्याने दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या. साठी उलटलेल्या माणसाला बाकी काय औषधं चालू आहेत, हे विचारायला किती वेळ लागतो? माझा संताप अजून उतरलेला नाही.

रिक्षात मी भांडले. "निदान किडनीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, चालेल का."

"पुढच्या तारखेला भेटायचंच आहे. आणि त्यांना गुडघा कशाला सांगू? त्यांचा अपमान होईल."

गोळ्यांनी गुडघा छान राहिला. भाऊजी जिने चढून मला दाखवायला आले. "बघा वहिनी, बिल्कुल फिट." पाय सुजलेले दिसत होते. कुंदाने गोळ्या लपवल्या, त्यांनी नव्या आणल्या. मग लघवी कमी झाली, धाप लागली, आणि तारखेच्या आधीच हॉस्पिटल गाठावं लागलं.

तिथे कुंदाने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. किडनीच्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "आधीच कमजोर किडनी, माझ्या दोन गोळ्या, त्यावर ही. ही कुणी दिली? मला का नाही सांगितलं?"

ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून भाऊजी म्हणाले, "सर, वो घुटने का मामला है."

किडनी बंद पडून रक्तातलं पोटॅशियम चढलं होतं. डायलिसिसची तयारी होईतो हृदय थांबलं.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एकामागून एक उठून म्हणत होते, किती शिस्तीचे, कधी कुणाच्या कामात ढवळाढवळ नाही. माझ्याच्याने ऐकवेना. मी उठले आणि म्हणाले, "शिस्त कसली? हट्ट होता. दोन डॉक्टरांना एकमेकांचं कळू दिलं असतं, तर आज हा माणूस इथे बसून आपल्याला बोअर करत असता."

माझी सूनबाई पदर ओढायला लागली.

"ओढू नकोस त्यांना," कुंदा म्हणाली. "बोला ताई. सगळे मला रड, रड म्हणतायत. मला आमच्या यांच्यावर चिडायचंय."