आमच्या कांजीवर परदेशी सरकारची नजर

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात लिहिणं म्हणजे फॉर्मवरची सही, आणि आई तीही अंगठ्यावर भागवते. अशा घरातल्या पोरानं हेरगिरीवर आणि परदेशी सरकारांवर लिहावं हे शोभत नाही, हे मला कळतं. या विषयांवर टीव्हीवर कोट घातलेले लोक बोलतात. पण ज्या मेलची ही गोष्ट आहे, तो माझ्या हातानं उघडला गेला. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझे बाबा लोधीपुऱ्यातल्या एका पॉवरलूम कारखान्यात कांजीवर आहेत. कांजी म्हणजे सुताला द्यायची खळ. ती बिघडली की लूमवर धागा तुटत राहतो. बाबांच्या कांजीवर तुटत नाही. ती तयार झाली की नाही हे ते अंगठा आणि बोट चिकटवून ठरवतात. आमच्या शेठजींना या कांजीचा फार अभिमान. कांजीघराच्या दाराला काळा पडदा होता आणि आत फक्त बाबा जायचे. पाहुण्याची खुर्ची पडद्याबाहेर, चहाही तिथेच. विजेचं मीटर आतल्या भिंतीवर होतं, म्हणून रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसालाही शेठजी मोबाईल बाहेर ठेवायला लावायचे.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरला मात्र पडदा नव्हता. पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनच्या कडेला चिकटवलेली होती आणि दसऱ्याच्या पूजेत तिलाही हळदकुंकू लागलं होतं. मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला गेलो तेव्हा शेठजींनी दुपारनंतर तिथं बसायला सांगितलं. माझ्या डोक्यात नवीन शिक्षण होतं. मी ठरवलं की बाबांची कांजी लिहून ठेवायची, नाहीतर ती त्यांच्याबरोबर जाईल. तीन रविवार मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

"पाणी किती, बाबा?"

"लागंल तेवढं."

"आणि उकळायची किती वेळ?"

"वास येईपर्यंत."

"कसला वास?"

"आता तो कसा सांगू? तूच ये आन् वास घे."

मी तसंच टाईप केलं. पाणी, लागेल तेवढं. शेठजींना दाखवलं तर खूश झाले. म्हणाले, "वा! आता आपला फॉर्म्युला कॉम्प्युटरमध्ये सेफ झाला."

आमचं कापड दक्षिणेतली एक मोठी कंपनी घ्यायची. ती त्यावर कसला तरी लेप चढवून कारखान्यांत धूर गाळायचं कापड बनवायची. त्या लेपाची माहिती आम्हाला कधी कोणी दिली नाही, आम्हीही विचारली नाही. कंपनीच्या वेबसाईटवर पासवर्ड टाकला की आम्हाला आमच्या ऑर्डरी दिसायच्या. तिथले साहेब इंग्रजीत दोन ओळींचा मेल टाकायचे. नमस्कार नाही, नाव नाही. शेठजी तो माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, "वीस साल का व्यवहार, आणि लिहितात जसं नोकराला."

मग एक दिवस कंपनीच्या नावानं तो मेल आला. शुद्ध हिंदीत. 'परम आदरणीय सेठजी, सादर प्रणाम.' पुढे घरच्यांची खुशाली विचारलेली, व्यवसायाच्या भरभराटीची कामना केलेली, आणि शेवटी एक विनंती. सुरक्षेसाठी खालच्या जागी वेबसाईटचा आपला पासवर्ड भरण्याची कृपा करावी.

मी भीत भीत बोललो, "शेठजी, कॉलेजात सरांनी सांगितलंय, पासवर्ड मागितला तर द्यायचा नाही."

"चोर सादर प्रणाम करतो का रे? आजपर्यंत चोरानं विचारलं का, की बाल-बच्चे कैसे हैं? एवढ्या मानानं मागतात आणि आपण नाही म्हणायचं? टाक."

मी टाकला. शेठजींनी मेलची प्रिंट काढायला लावली, लॅमिनेशन करून आणलं आणि देवांच्या फोटोशेजारी लावलं.

दोनेक महिन्यांनी कंपनीकडून पाठीवर बॅगा लावलेले दोन तरुण आले. चहाला नाही म्हणाले, तिथंच शेठजी नाराज झाले. त्यांनी सांगितलं की आमच्या कॉम्प्युटरमधून, आमच्याच पासवर्डनं कोणीतरी कंपनीच्या आत शिरलंय, आणि हे साधे चोर नाहीत. एका परदेशी सरकारनं पगारावर ठेवलेले लोक आहेत.

"सरकारी नोकर?" शेठजी हसले. "फिर तो दोपहर में खाने को उठते होंगे."

"उठते हैं," त्यातला एक न हसता म्हणाला. "उसी से अंदाज़ा लगा. रोज एक ही टाइम आते हैं, बीच में खाने का ब्रेक, इतवार को छुट्टी."

शेठजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. "बघ. चोरीला येतात, पण वेळेवर येतात."

मग त्यांनी अभिमानानं भिंतीकडे बोट केलं. कंपनीनं कसं लिहावं हे त्या पाहुण्यांना शिकवायचं होतं. दोघांनी मेल वाचला, एकमेकांकडे पाहिलं, लॅमिनेशन खिळ्यावरून काढलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले.

ते गेल्यावर शेठजी रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, "पासवर्ड टाकला कोणी?"

"मी."

"आणि कांजी कॉम्प्युटरमध्ये टाकली कोणी?"

"मीच."

दुसऱ्या दिवशी बाबांना कांजीघरातून काढून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. पोरावर संशय, मग बापाला पडद्याआड कसं ठेवायचं? कांजीवर नवा माणूस आला. धागे तुटू लागले. लूम थांबला की बाबा घडी घालता घालता मान वर करायचे.

शेठजींचा राग मात्र लवकरच अभिमानात बदलला. पानाच्या दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ते सांगू लागले की आपल्या कांजीच्या मागे परदेशी सरकार लागलंय. बाजूच्या कारखान्याच्या मालकाला हे सहन झालं नाही. आठ दिवसांत तोही सांगू लागला की आमचाही कॉम्प्युटर बंद पडलाय, आमच्याकडेही तेच आले असणार. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता हे आम्हाला तेव्हाच कळलं. लूमवरचे लोक मला जासूस म्हणू लागले. "काय जासूस, आज कोन्या देशाला काय धाडलं?" मी हसायचो, पण सायकल दुसऱ्या गल्लीनं न्यायला लागलो होतो.

त्या दोघांनी जाताना मला एक फॉर्म दिला होता. जे घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मी तीनदा लिहून फाडला. पासवर्ड मी टाकला, हे खरं. शेठजींनी टाकायला सांगितलं, हेही खरं. पण ते लिहिलं तर बाबांची घडीची जागाही जाईल.

बाबांना विचारलं. म्हणाले, "तुले काय शिकवतात कॉलेजात? खरं का खोटं?"

"पण बाबा, तुमचं काम..."

"काम गेलं तं दापोऱ्याले ट्रकात केळी भराले जाईन. तू पुरं लिही. आन् माह्या कांजीचंबी लिही. ती गेली का राह्यली, तेवढं इचार."

मी सगळं लिहिलं. शेवटी तो प्रश्नही लिहिला आणि पाठवून दिला. मग महिनोनमहिने काही आलं नाही. मधे परीक्षा झाली. बाबा घड्या घालत होते.

परवा ते संध्याकाळी घरी आले, पाय धुतले आणि ओट्यावर बसले.

"कंपनीच्या साहेबाचा कागद आला," ते म्हणाले. "शेठजीनं मले बोलावून वाचून दाखवला. त्या लोकांनी कंपनीच्या लेपाचं सगळं नेलं. आपल्या कॉम्प्युटरमधून ते नुसते रस्त्यावरून गेल्यासारखे गेले. कांजीची फाईल होती तिथंच होती. कोनी उघडलीच नाही."

"मग शेठजी काय म्हणाले?"

"काय म्हननार? दिवसभर जेवले नाही. मंग पडदा काढून फेकला. म्हने, जे चोरालेबी नको, ते झाकून काय करायचं. उद्यापासून मी परत कांजीवर."

मला एकदम हलकं वाटलं. बाबा खुशीत असतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत बसले होते.

"तीस वर्सं झाले या कांजीले," ते म्हणाले. "एक डाव उघडून तं पाहाची होती त्यांनी."